न फुटलेला पाइप

डेअरीवाल्याने कॅनचं झाकण काढलं, वाकून नाक आत घातलं आणि झटका बसल्यासारखी मान मागे घेतली.

"ताई, हे दूध आहे की रॉकेल?"

"काय झालं?"

"मला काय विचारता, तुम्हीच बघा."

थोरली वाकली. दूध आत्ताच काढलेलं, कोमट, वर फेस. वास दुधाचाच होता, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी दबा धरून बसलं होतं. तिने पुन्हा नाक नेलं आणि तिला ते कळलं.

रांगेत मागे कुणीतरी म्हणालं, "हिचा नवरा पेट्रोल पंपावर आहे ना, आज धार त्याने काढली असेल."

"मग कॅन परत कशाला नेतेस, स्कूटरमध्ये ओत."

रांग हसली. डेअरीवालाही हसला, मग हसू आवरून म्हणाला, "नाही घेता येणार. एक कॅन सगळी टाकी नासवेल. घरी भांडी नीट घासा जरा."

"घासते मी. आमचे हे गोठ्यात पाऊलसुद्धा टाकत नाहीत."

पण तोवर त्याने पुढच्याचं झाकण काढलं होतं. भरलेला कॅन उचलून ती उतारावरून घरी आली. रिकामा कॅन परत आणायची हाताला सवय होती. भरलेल्या कॅनने खांदा खाली ओढला आणि कडी बोटांत रुतली. वाटेत दोघींनी विचारलं, "आज डेअरी बंद का गं?"

घरातल्या दोन सुनांपैकी धाकटी नवऱ्याबरोबर शहरात होती. ही इथली, थोरली. आणि सासू तशी हाक मारायची म्हणून सगळी आळीच तिला थोरली म्हणायची. तीन गायी, एक पाडी आणि नवऱ्याचा पंपावरचा पगार, एवढ्यावर घर चाललं होतं. घर वस्तीच्या अगदी टोकाला. वर टेकाडावर पाण्याची टाकी, तिथून काळा प्लास्टिकचा पाइप उतरायचा, मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या मागच्या भिंतीला लागून जायचा आणि खालच्या सात-आठ घरांना नळ द्यायचा. थोरलीचा नळ शेवटचा.

सासू ओट्यावर बसली होती. कॅन बघून म्हणाली, "परत आणलंस?"

"वास येतोय म्हणाले."

"कसला?"

"पेट्रोलचा."

"तरी सांगते, त्याचे कामाचे कपडे गोठ्याशेजारच्या दोरीवर वाळत घालू नकोस. दुधाला काय, सगळंच लागतं."

थोरलीने कपड्यांची दोरी घरामागे नेली. कॅन गरम पाण्याने, सोड्याने, मग साबणाने घासला. बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी दूध परत आलं. तिसऱ्या दिवशी डेअरीवाल्याने घेतलं, पण घेताना असं तोंड केलं की परत केलं असतं तर बरं. चौथ्या दिवशी पुन्हा परत.

त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला होता आणि पाणी एक दिवसाआड सुटायला लागलं होतं. पाणी यायच्या दिवशी थोरली पहाटेच नळाखाली बादली लावायची. एकदा तिने पहिली बादली गायींच्या कुंडीत ओतली. म्हातारी गाय आली, तोंड पाण्याजवळ नेलं, फुरफुरली आणि मागे सरली. दुसरीने तर मानच फिरवली.

थोरलीने कुंडीवर नाक नेलं. मग नळाखाली ओंजळ धरली. वास पाण्याला होता. थोडा वेळ नळ धो धो सोडला तर वास विरला, एवढा की आधी आला होता की नाही असं वाटावं. आणि ती कॅन धुवायची ते याच पहिल्या पाण्याने.

नवरा अंगात पंपाचा निळा शर्ट चढवत होता. तिने लोटा त्याच्यापुढे धरला. "वास घ्या."

"माझं नाक मेलंय गं. मला चहालाही तोच वास येतो."

"अहो, घ्या तर."

त्याने घेतला. लोटा खाली ठेवताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "नळवाल्याला सांगतो," एवढंच म्हणाला आणि सायकल काढून गेला.

नळवाला वस्तीतलाच. फुटके पाइप जोडणं, तोट्या बदलणं, टाकीची झडप सोडणं, सगळं त्याच्याकडे. फावडं आणि टिकाव घेऊन तो पंपाच्या मागच्या भिंतीशी आला.

"फुटला असेल इथंच," तो म्हणाला. "वरून ट्रक वळतात. पण वहिनी, माझ्या जोडीला माणूस नाही."

"मी आहे ना."

दोघांनी खणायला घेतलं. जमीन तापून विटेसारखी झालेली. टिकाव पडला की खणकन उसळायचा आणि मनगटात झिणझिण्या यायच्या. ढेकळं निघायला लागली तसा वास वर आला. पाण्यात होता तसा लपलेला नव्हे; भपकाच. थोरलीचं डोकं जड झालं. नळवाल्याने तोंडाला फडकं बांधलं.

गुडघ्याच्या वर खोल गेल्यावर पाइप दिसला. नळवाल्याने हाताने माती काढली, फडक्याने तो पुसला, वाकून एक एक वीत बघितली, खालून हात फिरवला. मग थोरलीला टेकाडावर पाठवून टाकीची झडप सोडायला लावली. पाइपात पाणी भरलं, पण बाहेर एक थेंब आला नाही.

"फुटलेला नाही."

"नीट बघा भावजी."

"किती नीट बघू? कोरडा ठणठणीत आहे." त्याने अंगठ्याने पाइप दाबला. "जरा मऊ लागतोय, एवढंच. पण भोक नाही, चीर नाही. आत पाण्याचा जोर असतो वहिनी. भोक असतं तर पाणी बाहेर आलं असतं. बाहेरचं आत कसं जाईल?"

"मग वास कुठून येतो?"

"ते मला विचारू नका. एवढा तुकडा बदलून देतो, तुमचं समाधान."

त्याने नवा, चकचकीत काळा तुकडा जोडला. दोघांनी माती लोटली. त्या आठवड्यात पाण्याला वास आला नाही. म्हातारी गाय पहिल्या बादलीला तोंड लावून कुंडी चाटेपर्यंत प्यायली. डेअरीवाला म्हणाला, "बघा, सांगितलं नव्हतं, भांडी घासा म्हणून!" थोरलीने कॅन पुढे सरकवला. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा दूध डेअरीत गेलेलं बरं.

महिना सरता सरता वास परत आला.

या वेळी तिने नवऱ्याला सांगितलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन बाकावर बसून राहिली. तिथून एक माणूस आला तो भर दुपारी. तोवर सगळ्या आळीने नळ सोडून भांडी भरली होती. त्याने तोटी उघडली, पेला भरला, घटाघटा प्यायला आणि मिशी पुसत म्हणाला, "झकास पाणी आहे. आमच्या घरी असं येत नाही."

"साहेब, पहाटे या. पहिलं पाणी बघा."

"पहाटे?" तो असा हसला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

कोपऱ्यावरच्या घरातली बाई दारात उभी राहून ऐकत होती. "आमच्याही नळाला तेच पाणी आहे हो," ती त्या माणसाला म्हणाली. "आम्हाला नाही बाई कसला वास येत." पहाटे हीच बाई पहिली बादली गटारात ओतते, हे थोरलीने डोळ्यांनी बघितलं होतं.

थोरली पुन्हा कचेरीत गेली. बाकावर बसली, हाकलली गेली, परत जाऊन बसली. शेवटी आतून इंजिनीअर बाई आल्या. वयाने थोरलीएवढ्याच, केस घट्ट बांधलेले, पायात मातीने माखलेले बूट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "नवा तुकडा टाकल्यावर वास लगेच आला, की मध्ये काही दिवस गेले?"

"महिनाभर काही नव्हतं."

बाईंनी मान हलवली. "पाण्याच्या दिवशी येते. मी येईपर्यंत नळ उघडू नका."

त्या आल्या तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. पहिलं पाणी त्यांनी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून घेतलं, लगेच झाकणं लावली. मग भिंतीशी खड्डा उघडायला लावला. नळवाला कुरकुरत खणू लागला, त्याच्याबरोबर थोरलीही. आवाजाने आळीतली माणसं जमली. पंपावरून थोरलीचा नवरा आला आणि त्याच्या पाठोपाठ मालकही. मालक अंगाने भरलेला, बोलायला गोड.

"बघा, आहे का कुठं भोक?" नळवाला म्हणाला. "गेल्या वेळीही नव्हतं."

"भोक नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "भोक लागतच नाही. हे प्लास्टिक पाणी अडवतं, पेट्रोल अडवत नाही. पेट्रोल त्याच्या अंगात मुरतं, हळूहळू आतल्या बाजूला उतरतं. पाणी वाहतं असेल तर कळत नाही. दोन दोन दिवस पाइपात साचून राहिलं की वास धरतं. नवा तुकडा मुरायला महिना लागला, म्हणून महिनाभर बरं वाटलं."

नळवाल्याने पाइपाकडे असं बघितलं, जणू घरातल्याच माणसाने त्याला फसवलं होतं. "मग राखाडी, कडक पाइप टाकू?"

"तो जास्त तग धरतो. पण इथं माती चिंब आहे, आणि त्याच्या जोडात रबर असतं, ते पेट्रोल पितंच. इथून न्यायचा तर लोखंडी लागेल, तोही जोड बघून. खरं म्हणजे इथून न्यायलाच नको. आणि आधी हे जमिनीत येतंय कुठून, ते थांबायला हवं." बाईंनी भिंतीपलीकडे बघितलं. "तुमची जमिनीतली पेट्रोलची टाकी किती जुनी आहे?"

"जुनी आहे, पण खणखणीत आहे," मालक म्हणाला. "गाड्या भरताना चार थेंब सांडतात, ते कुठल्या पंपावर सांडत नाहीत? टाकी गळत असती तर मला कळलं नसतं? रोज सकाळी टाकीत मोजपट्टी टाकून माप घेतलं जातं. हा घेतो." त्याने थोरलीच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग रे बाईंना. गळते टाकी?"

थोरली खड्ड्यात कमरेएवढ्या खोलीवर उभी होती. तिथून तिला नवऱ्याच्या चपला दिसत होत्या आणि त्यांच्या वर, उजेडाच्या विरुद्ध, त्याचं तोंड.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी बाटल्या पिशवीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "बाटल्या तपासायला पाठवते. तोवर हे पाणी कुणी प्यायचं नाही. यात जे उतरतं ते महिनोन्महिने पोटात जाणं चांगलं नाही. ही लाइन मी बंद करतेय."

"बंद?" कोपऱ्यावरची पुढे आली. "मग आम्ही प्यायचं काय?"

"टेकाडावरच्या नळावरून आणावं लागेल. मला कळतंय, पण दुसरा इलाज नाही."

दुपारपर्यंत नळवाल्याने झडप बंद करून तिला कुलूप घातलं. सगळी माणसं खड्ड्याशी असताना सासूने मात्र घरातलं मोठं पिंप काठोकाठ भरून घेतलं होतं.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. टेकाडाचा चढ, घागर डोक्यावर, कळशी कमरेवर. माणसांपुरतं कसंही निभतं; तीन गायी आणि पाडी दिवसाला जेवढं पाणी पितात तेवढं डोक्यावरून आणायचं म्हणजे मान खांद्यात रुतत जाते. वरच्या आळीतल्या बायका आधी स्वतःच्या कळशा लावायच्या. आणि खालच्या आळीतल्या सगळ्या जणी थोरलीशी बोलेनाशा झाल्या. बोलायची ती एकटी कोपऱ्यावरची, तीही मागून, ऐकू जाईल अशा बेताने. "चांगला दारात नळ होता. हिच्या नाकापायी गेला. स्वतःचा नवरा सांगतोय टाकी गळत नाही, पण हिला बाई सगळं जास्त कळतं."

थोरली घागर सावरत चालत राहायची. उलट बोलायला श्वास शिल्लक नसायचा.

नवऱ्याशीही ती बोलली नव्हती. एका दुपारी तो जेवायला आला तेव्हा ती गोठ्यात कुंडी भरत होती. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"माप कमी येतं," तो म्हणाला.

ती थांबली नाही. कळशी रिकामी केली, दुसरी उचलली.

"संध्याकाळी पंप बंद करताना पट्टी टाकतो, सकाळी उघडताना टाकतो. मधल्या वेळात विक्री नाही, काही नाही, तरी खाली गेलेलं असतं. मालकांना सांगितलं होतं मी. थंडीतच सांगितलं होतं. ते म्हणाले, उन्हाने उडतं."

"थंडीत?"

तो कुंडीतल्या पाण्याकडे बघू लागला.

"थंडीत उन्हाने उडतं?" तिचा आवाज चढला तशी पाडी दचकली. "डेअरीत माझ्या तोंडावर लोक हसले. तुमच्या कपड्यांवरून आईंचं ऐकलं. भावजींबरोबर मी दोनदा तो खड्डा खणला. आणि तुम्ही वर उभे राहून नाही म्हणालात!"

"तिथला पगार आहे, थोरले. मालकांनी उद्या नको सांगितलं तर मला दुसरं काय येतं?"

"मला तरी काय येतं? मी दूध काढते आणि ते परत आणते."

त्याने तिच्या हातातली रिकामी कळशी घेतली. तिने ओढून परत घेतली. तो तसाच, न जेवता, ताटावर झाकण टाकून कामावर गेला.

पुढे दोन-तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग एका सकाळी तो निघायच्या तयारीत असताना त्याने बघितलं, आई पिंपातून तांब्या बुडवून पाणी पितेय. निवांत, घोट घोट, रोजचं असल्यासारखं.

"आई, ते कुठलं पाणी?"

"आपलंच. नळ बंद केला त्या दिवशी भरून ठेवलेलं."

"ते नाही प्यायचं! सांगितलं होतं ना बाईंनी?"

"मला नाही येत वास-बीस. या वयात कुठलं नाक!" म्हातारीने तोंड पुसलं. "ती पोरगी डोक्यावरून आणते, मान बघितलीस तिची? त्यातलं मी कशाला पिऊ? ते गायींना पुरू दे. आणि तू म्हणालास ना, टाकी गळत नाही. मग पाण्याला काय धाड भरलीय?"

तो पिंपाशी गेला. दोन्ही हातांनी काठ धरून त्याने ते आडवं केलं. पाणी सगळ्या ओट्यावर पसरलं, पायऱ्यांवरून अंगणात गेलं, म्हातारीच्या पायांखालून गेलं. आवाजाने थोरली गोठ्यातून धावत आली. तो ओल्या पायांनी उभा होता, हात लटकत होते.

"त्या बाईंना निरोप दे," तो तिला म्हणाला. "उद्या सकाळी पंप उघडायच्या आधी या म्हणावं."

त्या संध्याकाळी पंप बंद करताना त्याने नळवाल्याला बोलावून घेतलं. पितळी पट्टीवर लेप लावला, टाकीत सोडली, बाहेर काढली. पेट्रोल पोचलं होतं तिथवर लेपाचा रंग पालटला होता. नळवाल्याने तिथं खिळ्याने खूण केली. मग नवऱ्याने टाकीचं झाकण लावलं, विजेचं बटण बंद केलं, सगळ्याला कुलूप घातलं आणि किल्ली नळवाल्याच्या हातात दिली. "ही तुझ्या खिशात राहू दे. माझ्याकडे नको."

सकाळी बाई आल्या. थोरलीही आली, रिकामी घागर घेऊनच. परत जाताना भरून न्यायची होती. नळवाल्याने कुलूप काढलं. नवऱ्याने पट्टी पुसली, पुन्हा लेप लावला, टाकीत सोडली. बाहेर काढली तेव्हा रंग खिळ्याच्या खुणेच्या चांगला बोटभर खाली होता.

बाईंनी पट्टी स्वतःच्या हातात घेतली. तेवढ्यात मालकाची गाडी आली.

"काय चाललंय? कुणाला विचारून टाकी उघडलीस?"

"गळतेय मालक," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फुटला, म्हणून तो परत म्हणाला, "टाकी गळतेय. त्या दिवशी मी खोटं बोललो."

मालक ओरडला नाही. त्याने त्याला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाला, "शर्ट माझा आहे."

तिथंच, बाईंच्या आणि नळवाल्याच्या समोर, थोरलीच्या समोर, नवऱ्याने निळ्या शर्टाची बटणं काढली. मधलं बटण निघेना, तेव्हा त्याने शर्ट डोक्यावरून ओढून काढला. घडी घालून मशीनवर ठेवला आणि बनियनवर निघाला. थोरली त्याच्या बाजूने चालली. वाटेत घागर त्याने घेतली आणि तो परस्पर टेकाडाकडे वळला.

पुढे सरकारी माणसं आली, पंपाला सील लागलं, टाकी उपसली. मग एक दिवस क्रेन आणून टाकी वर काढली तेव्हा अख्खी वस्ती बघायला लोटली. गंजलेलं, मातीने माखलेलं धूड साखळीला लोंबकळत होतं. पोटाशी, शिवणीजवळ, करंगळीही जाणार नाही एवढं भोक.

"अरे, हे बघा भोक!" माणसं एकमेकांना दाखवू लागली. "एवढं भोक होतं म्हटल्यावर पाण्याला वास येणारच!" डेअरीवालाही आला होता. तोही बोट करून कुणाला तरी समजावत होता. नळवाला तेवढा भिंतीशी जाऊन पाइप बघत होता.

थोरली मागे उभी होती. आता तरी कुणी वळून बघेल, एखादा शब्द बोलेल, असं तिला वाटत होतं आणि असं वाटतंय याचाच राग येत होता. सगळ्यांना भोक हवं होतं. भोक मिळालं, सगळे खूश होऊन घरी गेले.

इंजिनीअर बाईंनी तिला बाजूला घेतलं. "ही माती लवकर शुद्ध व्हायची नाही. काही वर्षंही जातील. लाइन रस्त्याच्या पलीकडून फिरवून आणायची. पाइप मी मंजूर करून घेतलाय, येत्या आठवड्यात येईल. चर खणायला मात्र ठेकेदार पाऊस सरल्याशिवाय येणार नाही म्हणतोय."

"तोवर?"

"रेघ मी आजच मारून देते," बाई म्हणाल्या आणि चुना आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरली आणि तिचा नवरा रस्त्याच्या पलीकडे टिकाव, फावडं घेऊन गेली. बाईंनी चुन्याने रेघ मारून दिली होती. ती टेकाडापासून खाली दूरवर गेली होती. नवऱ्याने हातावर थुंकून टिकाव उचलला. पंपावर उभं राहून हात मऊ झाले होते. उन्हं वर यायच्या आत तळव्याला फोड आले. थोरली मागून माती ओढत होती. मध्ये एक खडक लागला, त्याच्याशी झटापट करण्यात बराच वेळ गेला, आणि चर झाला होता जेमतेम दोन खाटांएवढा.

रस्त्याच्या कडेला कोपऱ्यावरची येऊन उभी राहिली. काखेत रिकामी कळशी. तिने चराकडे बघितलं, चुन्याच्या रेघेकडे बघितलं.

"थोरले, नळ कधी येणार गं आपला?"

थोरली ताठ झाली. कमरेत कळ आली तशी तिने एक हात मागे टेकवला. बोलायचं बरंच होतं. मग तिने हातातलं फावडं उलटं केलं आणि दांडा त्या बाईच्या पुढे धरला.

"कळशी खाली ठेव," ती म्हणाली.